राजय्या मामा आणि शेवाळाची पूड

राजय्या मामांना पहिल्यांदा भेटणाऱ्याला हमखास वाटायचं, हा माणूस आपला खिसा कापतोय! कारण नमस्कार होतोय न होतोय तोच त्यांचा हात समोरच्याच्या सदऱ्याकडे जायचा. अंगठा जिभेला लावायचा, कापडावर घासायचा आणि अंगठ्याकडे बघायचं. "जातोय की रंग. कुठनं घेतला?" माझ्या ताईच्या लग्नात तर त्यांनी नवऱ्यामुलाच्या फेट्यालाच अंगठा लावला, तोही मंगलाष्टकं चालू असताना! व्याही बघतच राहिले.

मामा आमचे शेजारी. भवानी पेठेतल्या एका रंगखान्यात रंगमास्तर होते, चादरींचं सूत रंगवायचे. आता लेकाकडे भिवंडीला असतात. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. हात कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे. आई म्हणायची, मामांचे हात बघितले की यंदा कुठल्या रंगाची चादर खपतेय ते कळतं.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पार पांढरीफटक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या पोटात टिकेनात. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं मलाच कळत होतं! दुष्काळात लोकांनी सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पिठावर दिवस काढले, तेव्हापासून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या डोक्यात एक शेवाळ घुसलं होतं. स्पिरुलिना. कॉलेजमागच्या हौदात ते वाढवायचे, वाळवून पूड करायचे. "डाळीपेक्षा जास्त प्रथिनं, लोहसुद्धा!" असं सर वर्गात म्हणाले आणि झालं! मागे लागून मी एक बाटली मिळवलीच. "नुसती बघायला हं, अजून तपासून यायची आहे," असं सर म्हणाले होते. तेवढं वाक्य मी घरी सांगितलं नाही.

चमचा ताईच्या तोंडापाशी गेला आणि मामा दारात हजर.

"थांब! काय हाय ते?"

"शेवाळ आहे मामा. ताकद येते."

"शेवाळावरनं माणूस घसरतो. खातो कुठं?"

त्यांनी धोतराचा एक पांढरा तुकडा मागवला, त्यावर चिमूटभर पूड टाकली, पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं बघते तर काय, हिरव्या पुडीभोवती चक्क निळा डाग पसरलेला!

"अय्यो! बघ! हिरवा म्हंजे निळ्यावर पिवळा. आयुष्यभर तेच केलंय मी. तुझ्या सरानं रंग घातलाय यात."

"मामा, हे शास्त्र आहे!"

"मग टाक उन्हात. शास्त्राला ऊन सोसतं का बघू."

ताई बिचारी तोंड उघडं ठेवून बसलेली. तिनं ते मिटलं.

दुसरा दिवसभर तुकडा दोरीवर होता. संध्याकाळी मामा आले, तोवर निळा जवळजवळ उडून गेलेला. मला वाटलं, संपलं! रंग जाणं म्हणजे मामांच्या लेखी महापाप. पण मामांनी तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "एवढा कच्चा रंग कुठला रंगारी विकंल? उपाशी मरंल की. हा आमचा रंग न्हाईच. झाडपाल्याचा हाय. तुझा सर खरा."

मी उडीच मारली. "मग देऊ ताईला?"

"खरा हाय म्हटलं. चांगला हाय कुठं म्हटलं? वाढलं कुठल्या पाण्यात?"

आणि दुसऱ्या दिवशी मामा टोपी घालून माझ्याबरोबर कॉलेजात! बाटली माझ्या पिशवीत. सरांनी हौद दाखवला. यात सोडा घालतो, मीठ घालतो, सारखं ढवळतो, असं सांगितलं. मामा खूश. "सर, तुमी तर आमच्याच धंद्यातले की!" मग त्यांनी पाण्याचं विचारलं. सरांनी मागची विहीर दाखवली. मामा विहिरीत वाकले, कुंपणाच्या भिंतीपलीकडे जाऊन आले. येताना चेहराच बदललेला.

"सर, पलीकडचा ओढा आमच्या रंगखान्याचा हाय. त्यात पाणी रोज मीच सोडतो. विहीर उपसली की तेच झिरपत येणार."

"पण विहिरीचं पाणी तर स्वच्छ दिसतं," सर म्हणाले.

"रंग राहत असंल मातीत. पण रंग पक्का करायला आमी काय काय घालतो, ते कुठं जातं? मला ठाऊक न्हाई. तुमाला हाय?"

सर हळूच म्हणाले, "हे शेवाळ पाण्यात असेल ते सगळं ओढून घेतं." आणि माझ्यापुढे हात केला. मी बाटली परत दिली.

घरी येताना मामा गल्लीच्या तोंडाशी थांबले. "पोरी, शेवाळ तुझं चांगलं होतं. पाणी माझं वाईट होतं."

मला रडूच फुटलं. सरांचं ते लपवलेलं वाक्य मी तिथंच सांगून टाकलं. मग मात्र मामांनी मला जे काही तेलुगूत ऐकवलं, त्याचा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही!

सरांनी ती सगळी पूड खड्ड्यात पुरली, हौद घासला आणि नळाच्या पाण्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामा ओढ्याबद्दल मालकांशी भांडून आले. मालक नुसते हसले म्हणे. ताईला लोहाच्या सुया टोचून घ्याव्या लागल्या, आणि प्रत्येक सुईला ती माझं नाव घेऊन ओरडली.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारशाला गुलाबी, पोपटी, जांभळ्या झबल्यांचा ढीग पडला. मामांनी कागदाचं पुडकं आईच्या हातात दिलं. आत पाच झबली, पाचही पांढरी, बिनरंगाची, गरम पाण्यात धुऊन धुऊन मऊ केलेली.

आई म्हणाली, "काय हो मामा, रंगमास्तर असून कोरंच?"

मामांनी आपले निळे हात पाठीमागे घेतले.

"तोंडात घालतंय की लेकरू," म्हणाले.