निशी-कसाईचे ग्रीक आणि रोमन

भंगलेली मूर्ती घरात ठेवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

आमच्या घरी हे दोन नियम नव्हते, एकच होता. दुसरं वाक्य पहिल्याला चिकटूनच यायचं. पुढे मी पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे भंगलेल्या मूर्तींचंच शिक्षण! वा!"

मग लग्न झालं. मंदारला त्याच्या कंपनीने टोकियोला पाठवलं, मी मागोमाग तिथल्या निशी-कसाई भागात आले आणि सहा महिन्यांनी मला बाइतो मिळालं. बाइतो म्हणजे पार्टटाइम काम. तेही कुठे? तर एका छोट्या खाजगी म्युझियममध्ये, जिथे एकही मूर्ती धड नव्हती! एका हौशी कारखानदाराने आयुष्यभर ग्रीक आणि रोमन पुतळे जमवले. काही खरे संगमरवरी तुकडे, ते काचेत. बाकी मूळ पुतळ्यांवरून काढलेल्या प्लास्टरच्या जुन्या प्रतिकृती, त्या हॉलमध्ये उभ्या. कोणाला नाक नाही, कोणाला हात नाही.

अशा ठिकाणी किस्से आपोआप साचतात. रोज ब्रशने झाडावे तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. मैत्रिणींना सांगताना मी खूप हसवते. पण खरं सांगू? त्या वर्षी मला एकाही किश्श्याचं हसू आलं नव्हतं. माझ्या व्हिसावर 'कुटुंबासोबत राहणारी' असा शेरा होता. आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची परवानगी, त्याच्यावर एक तास नाही. आमचे संचालक इशिदा-सान म्हणाले होते, "एप्रिलपासून तुम्हाला पूर्ण वेळ घेता येईल का, ते बघू." पूर्ण वेळ म्हणजे माझा स्वतःचा व्हिसा. मी कोणाची तरी 'सोबत' नाही, मी मीच! त्या एका 'बघू'वर मी वर्षभर श्वास रोखून होते.

*

मुलाखतीची गोष्ट. इशिदा-सान सत्तरीला आलेले, बारीक, कायम सूट. मी माझा प्रबंध पुढे केला, सातवाहनकालीन मातीच्या मूर्तींवरचा. त्यांनी आदराने दोन्ही हातांनी घेतला, आदराने बाजूला ठेवला आणि विचारलं, "किरुती-सान, आपण भारतातून आलात. म्हणजे कॉम्प्युटर येत असेल?"

माझं नाव कीर्ती. तिथे ते किरुती झालं, ते झालंच.

ऑफिसातला कॉम्प्युटर दोन दिवस एकाच स्क्रीनवर अडकला होता. मी घाबरत घाबरत तो बंद करून पुन्हा चालू केला. चालू झाला! ऑफिसातल्या दोन्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. "सुगोइ! इंदोजिन!" म्हणजे, कमाल आहे, भारतीय माणूस!

घरी येऊन मंदारला म्हटलं, "अरे, मला पुतळ्यांसाठी घेतलंय की कॉम्प्युटरसाठी?"

तो म्हणाला, "काय फरक पडतो? दोन्ही हँग झालेलेच असतात."

पुढचे तीन महिने तो कॉम्प्युटर खरंच बिघडेल या भीतीने मी रोज सकाळी त्याला मनातल्या मनात नमस्कार करत होते. मी, जी घरी कशालाच नमस्कार करायची नाही!

*

सप्टेंबरात सासूबाई आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आल्या आल्या त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेली. म्युझियमचं कॅलेंडर, वर एक ग्रीक देवी, दोन्ही हात गायब. खालच्या चौकोनांत मी माझ्या कामाच्या वेळा मराठीत लिहिलेल्या.

"ही कोण गं?"

"देवी आहे, आई. ग्रीसची."

"भंगलेली? आणि स्वयंपाकघरात?" त्या दोन पावलं मागे सरकल्या. "हिला हातच नाहीत, घरात बरकत कशी राहणार?"

मी म्हटलं, "मला दोन आहेत की! माझ्या दोघांनीच चाललंय इथलं." त्यावर त्यांनी फक्त मंदारकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर गायब. संध्याकाळी कळलं, सासूबाईंनी शांतपणे विसर्जन केलं. इथे कचऱ्याचे वार ठरलेले, जळणारा मंगळवारी, प्लास्टिक गुरुवारी. देवीला जळणाऱ्यात कसं टाकायचं? म्हणून त्या एकट्या चालत आराकावा नदीवर गेल्या. पाण्यात काही टाकलं तर पोलिस पकडतात हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून काठावरच ठेवून, हळदकुंकू वाहून, हात जोडून परत आल्या.

पण हा जपान! इथे हरवलेली छत्रीसुद्धा घरी परत येते. कोणातरी सज्जन माणसाने कॅलेंडर उचलून कोबानमध्ये, म्हणजे पोलिस चौकीत नेऊन दिलं. त्यावर म्युझियमचा फोन नंबर छापलेला. चौकीतून फोन गेला आणि इशिदा-सान स्वतः ट्रेनने जाऊन, सही करून, देवीला सोडवून घेऊन आले.

माझ्या टेबलावर कॅलेंडर ठेवत म्हणाले, "किरुती-सान, अक्षर तुमचं दिसतं. आणि ही लाल पावडर... हे काही नवीन संरक्षक द्रव्य आहे का?"

मी "हो" म्हणाले. काय करणार?

*

सप्रे काका म्हणजे आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आम्ही सगळे सॉफ्टवेअरच्या लाटेत आलेले, ते त्याच्या कितीतरी आधीपासून टोकियोत. त्यामुळे जपानविषयी, ग्रीसविषयी आणि एकूणच सगळ्याविषयी शेवटचा शब्द त्यांचा. एका रविवारी ते मंडळाच्या आठ-दहा जणांना घेऊन म्युझियममध्ये आले. मी माहिती सांगायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "थांब, मी सांगतो."

एका तरुण देवाच्या पुतळ्यापुढे उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "हा आपला कृष्ण. ग्रीकांनी उचलला."

"काका, हा अपोलो आहे."

"तेच ते. हातात बासरी होती, ती तुटली."

"बासरी नव्हती, धनुष्य होतं."

"तू बघायला गेली होतीस का?"

तेवढ्यात बर्व्यांचा सहा वर्षांचा ओजस जोरात ओरडला, "हादाका!" म्हणजे उघडा! काकांनी झटकन त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. ओजस हाताखालूनच जपानीत म्हणाला, "आजोबा, सेंतोमध्ये पण सगळे असेच असतात. तुम्ही पण होता की!"

सेंतो म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. काका दर शनिवारी तिथे जातात, ही बातमी काकूंना त्या दिवशी कळली. मी मात्र हसू शकले नाही, कारण दारात इशिदा-सान उभे होते आणि म्युझियममध्ये मोठ्याने बोलायला मनाई होती.

*

भूकंप झाला त्या दिवशी हॉलमध्ये मी एकटी होते. प्रत्येक पुतळा पारदर्शक नायलॉन दोरीने बांधलेला असतो, ते मला माहीत होतं. धक्का बसला की टेबलाखाली जायचं, तेही पाठ होतं. पण जमीन हलली, समोरचा रोमन सम्राट डुलायला लागला आणि मी धावत जाऊन त्याला घट्ट मिठी मारली! डोळे मिटून. तो पडला तर माझा एप्रिलही पडला, एवढंच डोक्यात.

हलणं थांबलं. डोळे उघडले तर इशिदा-सान टेबलाखालून माझ्याकडे बघत होते.

बाहेर येऊन, गुडघे झटकून ते म्हणाले, "पुढच्या वेळी टेबलाखाली या. तो पडला तर जोडणारा कारागीर माझ्या ओळखीचा आहे. तुम्हाला जोडणारा नाही."

घरी पोचते तर सासूबाई काळजीने दारातच. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, देवापुढे साखर ठेवली. मग थोड्या वेळाने हळूच विचारलं, "ज्याला मिठी मारलीस, त्याला कपडे होते ना गं?"

*

ऑक्टोबरात काकांनी ठरवलं की मंडळाची दिवाळी म्युझियमच्या हॉलमध्ये करायची. मी म्हटलं, नको. पुतळे आहेत, पोरं आहेत, फराळाचं तेल आहे. काका म्हणाले, "तू विचारू नकोस. मीच विचारतो. माणसांशी कसं बोलायचं ते आम्हाला कळतं."

इशिदा-साननी ऐकून घेतलं. दातांमधून हवा आत ओढली. मान तिरकी केली. "चोत्तो..." एवढं म्हणून वाक्य तिथेच सोडून दिलं.

जपानात दोन दिवस राहिलेल्यालाही कळतं की हा नकार आहे. स्पष्ट, ठणठणीत नकार! काका बाहेर आले आणि मंडळाला म्हणाले, "चोत्तो म्हणाले. म्हणजे थोडं. थोडा वेळ वापरा म्हणाले!"

"काका, ते नाही म्हणाले."

"नाही हा शब्द उच्चारला का त्यांनी? मग!"

पत्रिका छापून झाल्या, हे मला दोन दिवसांनी कळलं. मग मीच इशिदा-सानपुढे कंबरेत वाकून उभी राहिले. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे-मागे चाळलं. शेवटी म्हणाले, "सोमवारी म्युझियम बंद असतं. तेव्हा करा. सहा वाजेपर्यंत. जबाबदारी किरुती-सानची."

त्या रात्री मंदारला म्हटलं, "यात काही झालं ना, तर एप्रिल संपला."

"काही होणार नाही," तो म्हणाला. ज्यांचे स्वतःचे व्हिसा असतात त्यांना असं म्हणता येतं.

*

आणि खरंच काही झालं नाही. पणत्या बॅटरीच्या, चकल्या तळमजल्यावर, पोरं आयांच्या ताब्यात. सप्रे काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळ मी लगेच काढून घेतला, कारण तो कुठे फोडतील याचा भरवसा नव्हता. साडेपाचला बरेच लोक गेले. मंदार खुर्च्या परत द्यायला टेम्पोबरोबर गेला. मी वरच्या हॉलमध्ये शेवटची फेरी मारायला आले.

काका, काकू आणि माझ्या सासूबाई एका पुतळ्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. फोटोला उभे राहतात तसे. पण समोर फोटो काढणारं कोणी नव्हतं.

"काय झालं?"

"कुठे काय?" तिघं एकदम म्हणाले.

"आई, जरा सरका."

मागे भाषण करणारा रोमन गृहस्थ. अंगभर गुंडाळलेला टोगा, उजवा हात पुढे, तर्जनी उचललेली. म्हणजे, सकाळपर्यंत उचललेली. आता तिथे पांढरा, ताजा, खडूसारखा छेद दिसत होता. बोट नव्हतं.

"हा आपल्यासारखंच उपरणं घेतो, म्हणून मी माझी शाल त्याच्या हातावर टाकली," काका म्हणाले. "फोटोपुरती. काढताना गोंडा अडकला."

"बोट कुठे आहे?"

सासूबाईंनी पर्स छातीशी धरली. "रुमालात ठेवलंय. नीट आहे."

याचा मूळ पुतळा इटलीत आहे, पण त्याचा हात नंतर कधीतरी तुटून हरवला. प्रतिकृती त्याआधीची. ते बोट जगात फक्त इथे होतं. मी हे सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, एवढं काय? इथलं सगळं तुटलेलंच असतं! याला नाक नाही, त्याला मुंडकं नाही. एक बोट कोणाला कळणार?"

"मला कळलं."

"तू बोलली नाहीस तर त्यांना कळणार नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. तुझी नोकरी व्हायची आहे ना पक्की?"

"काका बरोबर सांगताहेत," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी जाईन. जाताना मनात तुझा घोर नको."

काकूंनी टेबलावरून फळीला लावलेला कागद आणला. रोज दार लावण्यापूर्वी भरायचा तक्ता. हॉल, पुतळे, दिवे, खिडक्या. प्रत्येकापुढे 'इजो नाशि' लिहायचं, म्हणजे 'बिघाड नाही', आणि खाली स्वतःचा शिक्का मारायचा. बाकीचं सगळं मी मघाच भरलं होतं. पुतळ्यांची ओळ तेवढी राहिली होती.

"दोन शब्द तर लिहायचे," काका म्हणाले. "मार शिक्का. आम्ही तिघं काही बोलणार नाही. मोठी माणसं सांगताहेत, ऐक जरा."

खाली दार वाजलं. जिन्यावर इशिदा-सानच्या सपाता वाजायला लागल्या. ते प्रत्येक पायरीवर थांबत येतात, गुडघ्यामुळे.

मी तक्त्यावर 'इजो', म्हणजे 'बिघाड', एवढंच लिहिलं आणि शिक्का मारला.

"वेडी आहेस का?" काका दबक्या आवाजात ओरडले. "खोड! अजून वेळ आहे, खोड ते!"

"नाही खोडणार. आणि तुम्ही इथून हलायचं नाही, काका. शाल कोणाची, ते तुम्ही सांगायचं. जपानीत. नीट, पूर्ण वाक्यात."

काकांनी तोंड उघडलं. मग काकूंकडे बघितलं. काकूंनी जमिनीकडे बघितलं.

"आई," मी हात पुढे केला, "बोट द्या."

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली. त्या शांततेत तिचा आवाज केवढा मोठा आला!