राळ्याला पाणी

शेतीवर भाषणं ठोकणारे पुष्कळ. पिकलेलं धान्य तोंडापर्यंत जाणार कसं, ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

सात शेतकऱ्यांच्या मी हात धुऊन मागे लागलो होतो. गव्हावर गहू घेऊन जमीन दमलीय, मधे ताग पेरा, फुलावर आला की मातीत गाडा, त्यावर राळा घ्या. राळा झकास आला, पण त्या बारीक भरडधान्याचं टरफल निघेना. सोलायचं यंत्र मागायला कचेरीत गेलो, तर साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि हाकललं. मी टेबल आपटून आलो. टेबल आपटून टरफल निघत नाही.

मग पोती घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे कोपऱ्यावरची गिरणीवाली. सगळा रस्ता तिला आत्याच म्हणतो. बावीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटात काढल्यामुळे तिला कमी ऐकू येतं. पिठाखाली तळहात धरून ती गिरणीची तब्येत ओळखते. तिने खालच्या दगडावर जुन्या ट्यूबचं रबर बसवलं, वरचा दगड जरा उचलला आणि राळा ओतला. अर्ध्या दाण्यांचा चुरा झाला.

"झालं समाधान?" सातांतले थोरले काका माझ्यावर उखडले. "हे कोंबड्यांना घालतो. पुढच्या हंगामात गहू. ताग नाही नि बिग नाही!"

काका फिरले की बाकीचे सहा फिरणार, हे उघड होतं.

आत्याने एक दाणा दाताखाली धरला. "किती दिवस उन्हात होता?"

"आठ," काका म्हणाले. "दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. धान्य असंच वाळवतात."

"गहू वाळवतात. याची काच केलीत तुम्ही." तिने तांब्या उचलला.

"अहो आत्या, धान्याला पाणी? बुरशी धरेल!"

"ओरडू नका, मला तसंही ऐकू येत नाही. नासला तर माझा गहू घेऊन जा. पोत्याला पोतं."

तिच्या घरात वर्षाचा गहू म्हणून दोनच पोती होती. हे मला ठाऊक होतं.

एका पोत्यातला राळा तिने पसरला, पाणी शिंपडून दोन्ही हातांनी चोळला, गोणपाटाखाली झाकला आणि तीन तास इतरांची दळणं काढली. आम्ही आठजण पायरीवर बसून राहिलो. कोणी घरी गेलं नाही.

पुन्हा गिरणी लावली. टरफलं भुसासारखी उडाली, खाली पिवळे, अख्खे दाणे पडू लागले. तुटलेले होते, पण थोडेच. आत्याने ते लगेच पंख्याखाली चादरीवर पातळ पसरले. काकांनी संध्याकाळपर्यंत चारदा मूठ भरून हुंगली. वास कोरडा होता.

"दुसरं पोतं मी भिजवतो," ते म्हणाले आणि बोटांच्या टोकांनी पाणी उडवू लागले.

"अत्तर शिंपडताय का, काका? हात मोकळा सोडा!"

काकांनी तांब्या तिरका केला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "तागाचं बी उरलंय का रे तुझ्याकडे?"