मागे न जाणारी लाट

सतत घाबरं होणाऱ्या माणसांसाठी संगीताचं अ‍ॅप बनवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. आवाज निवडणं आणि स्क्रीन कशी दिसेल ते ठरवणं माझ्याकडे होतं. कणकवलीत घरीच बसून मी काम करायचे. समुद्राचा आवाज हवाच, असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून मालवणला जाऊन तो रेकॉर्ड करून आणला.

पहिल्यांदा मामाला ऐकवायचं ठरवलं. मामाची होडी दोन वर्षांपूर्वी उलटली होती. पोहत तो किनाऱ्याला लागला, पण तेव्हापासून अचानक छाती धडधडायला लागे. डॉक्टरांचे उपचार चालू होते. तरी रोज किनाऱ्यावर वाळूत बसून तो जाळी सांधायचा, त्यामुळे लाटांचा त्याला त्रास होईल असं माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी त्याच्या घरी जाऊन त्याच्या कानांना हेडफोन लावले. अ‍ॅप उघडताच लाटा आपोआप सुरू झाल्या. मिनिटभर तो शांत होता. मग त्याने खाटेची कड घट्ट धरली.

"बंद कर गो."

लक्ष विचलित होऊ नये म्हणून स्क्रीन मी मुद्दाम काळी ठेवली होती. बटण दिसायचंच नाही. बंद करायला बोट तीन सेकंद दाबून ठेवावं लागे. घामाने माझं बोट निसटत राहिलं. घाईत हेडफोनची वायर निघाली आणि लाटा फोनमधूनच मोठ्याने वाजू लागल्या. मामाचे ओठ पांढरे पडले.

मामी आतून धावत आली. "काय केलंस गो ह्याका?" म्हणत तिने फोन हिसकावला, तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. मग मामाच्या पाठीवर हात फिरवत बसली.

बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, "तुझी लाट नुसती येता. मागे जायना."

घरी येऊन मी ऐकलं. खरंच, लाट फुटेपर्यंतचाच तुकडा कापून मी पुन्हा पुन्हा जोडला होता.

दुसऱ्या दिवशी टीमशी भांडले. "एका माणसासाठी समुद्र काढायचा?" त्यांनी विचारलं.

"लाट पूर्ण घालू. पण आपोआप काही वाजणार नाही, आणि बंद करायचं बटण कायम दिसेल."

संध्याकाळपर्यंत वाद चालला. शेवटी त्यांनी मानलं.

पंधरा दिवसांनी मामाकडे गेले. पुन्हा ऐकशील का, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यानेच फोन मागितला. बटण दाबून आधी तीनदा बंद करून पाहिलं, मग लाटा सोडून अ‍ॅपमधला तानपुरा लावला. मी आणि मामी दारातच उभ्या राहिलो. पाचेक मिनिटांनी त्याने तो थांबवला.

"आज पुरे," तो म्हणाला. "उद्या ये परत."