घोळणा नव्हता तो

मालकांच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा घरात कुणी घाबरलंच न्हाई. ऐन उन्हाळा. घोळणा फुटला, म्हणाले सगळे. सासूबाईंनी बुक्कीनं कांदा फोडून लेकाच्या नाकाशी धरला, मी टाळूवर गार पाणी ओतलं. थांबलं रक्त! मंग काय, कांद्याचं कौतुक. महिन्यामागं वडीगोद्रीजवळ मालक मोटारसायकलवरून तोंडावर आपटले होते, ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. गालाची जखम भरली होती ना!

दुसऱ्यांदा आलं ते जेवताना. थेंब न्हाई हो, धार! ताटातली भाकर लाल झाली. सासूबाई पुन्हा कांदा फोडून धावल्या. "मान वर कर, बाळा." मान मागं टाकली तर रक्त घशात उतरलं, ठसका लागला, तोंडातून गुठळ्या पडल्या.

"चुलीत घाला तो कांदा!" मी सासूबाईंवर ओरडले, जन्मात पहिल्यांदा. दिरानं गाडी काढली.

जालन्याच्या डॉक्टरांनी नाकात लांबलचक पट्टी ठासून भरली आणि विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?" मी पडल्याचं सांगितलं. तपासणीत दिसलं, आतली रक्तवाहिनी दुखावून तिला फुगा आलेला. "हा फुटला तर आम्हाला वेळच मिळणार नाही. आत्ताच्या आत्ता संभाजीनगरला न्या."

ॲम्ब्युलन्समध्ये मी नुसती त्यांच्या नाकाकडं बघत बसले. गतिरोधक आला की माझा जीव मुठीत. राजूरच्या गणपतीला एवढंच मागितलं, देवा, ह्यांना शिंक येऊ देऊ नको.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मांडीच्या सांध्यातून बारीक नळी वर नेऊन ती रक्तवाहिनी आतूनच बंद केली. मी दाराबाहेर बसून होते. सासूबाई शेजारी होत्या, पण माझ्याकडं पाठ करून, पदराची गाठ चाचपत.

पट्टी काढायच्या दिवशी मी सगळ्यात जास्त भ्याले. डॉक्टर चिमट्यानं ओढतायत, ओढतायत, पट्टी संपेचना. मी डोळे गच्च मिटले. आता धार लागणार, आता लागणार. न्हाईच लागली. मालकांनी हळूच श्वास घेतला.

"आई, कांद्याचा वास येऊन राह्यला."

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. त्या दिवशीचाच फोडलेला कांदा, सुकून गेलेला. आता मला चार शब्द ऐकवणार, असं वाटलं. तर त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि हुंदका फुटला त्यांना.

"घाल गं बाई आता चुलीत."