गाडीतली दुसरी बॅटरी

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर माझ्याशी बोललाच नाही. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो माझ्या नवऱ्याला देत होता.

"सर, मॅडमना समजावा. अल्टरनेटर बदलायचा, दुसरी बॅटरी बसवायची, हे असलं काही आम्ही करत नाही. आणि या वयात एवढं फिरायचंच असेल, तर टूरवाल्यांबरोबर जावं ना."

नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. त्याला गाडी लागते, त्यामुळे घाटात तो आवळासुपारी चघळत खिडकीबाहेर बघत बसतो. तो शांतपणे म्हणाला, "गाडी तिची आहे. तिलाच सांगा."

मॅनेजरने तरीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी टेबलावरची चावी उचलली आणि बाहेर आले.

माझं वय तेव्हा एकसष्ट होतं. रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. निवृत्त झाल्यावर मी ही जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आणि महिनाभराचं इन्सुलिन थंड राहावं म्हणून मागे एक छोटा फ्रिज ठेवला. तो गाडीच्याच बॅटरीवर चालायचा. त्या मे महिन्यात मेळघाटात गेलो असताना फ्रिजने एका रात्रीत बॅटरी पिऊन टाकली. सकाळी गाडी सुरू होईना. मदत मिळेपर्यंत दुपार झाली, फ्रिज तापलेल्या डब्यासारखा झाला आणि सगळं इन्सुलिन फेकावं लागलं. तालुक्याच्या गावी औषध मिळालं, मी धडधाकट घरी आले. पण आमच्या खांदा कॉलनीत बातमी आमच्याआधी पोचली होती. डॉक्टर, नणंद, खालच्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांचं एकच म्हणणं : आता पुरे.

का पुरे? बिघडली होती बॅटरी. मी नव्हते बिघडले.

टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये मी तीस वर्षं काढली. खोलीभर बॅटऱ्या आणि त्या भरत राहणारी यंत्रं. वीज गेली तरी गावाचे फोन बंद पडायचे नाहीत, ते आमच्या जिवावर. त्यामुळे गाडीत काय हवंय ते मला नेमकं ठाऊक होतं. फ्रिजसाठी वेगळी बॅटरी, ती इंजिनच्या बॅटरीला रिकामी करणार नाही असा मध्ये आयसोलेटर, आणि दोन्ही बॅटऱ्या भरायला मोठा अल्टरनेटर. जुना अल्टरनेटर एसी आणि दिवे लावले की दमायचा. दुसऱ्या बॅटरीला त्याच्याकडे उरायचं काय?

शेवटी जुन्या पनवेलमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. माणूस उरणकडचा, वडिलांची मिठागरं होती. मी वहीत काढलेली आकृती त्याने उभी-आडवी करून पाहिली.

"ताई, असा काम आमी कधी केला नाय."

"मीही नाही केलं. दोघं मिळून करू."

"आनि बिगारला तर?"

"बिघडलं तर पुन्हा करू. तुम्हाला दोष नाही देणार."

तो हसला. "मंग ठेवा गारी."

मोठ्या गाडीचा एक अल्टरनेटर त्याने मिळवला. तो आमच्या इंजिनवर बसेना, म्हणून लेथवाल्याकडून नवा ब्रॅकेट करून घेतला. जाड केबल टाकल्या, दुसऱ्या बॅटरीच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लावले. मी रोज सकाळी जाऊन स्टुलावर बसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "काकी, कोणाची वाट बघताय?" मी म्हणायचे, "कोणाची नाही. काम चाललंय माझं."

पाचव्या दिवशी गाडी सुरू केली आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा असा किंचाळला की समोरचा भाजीवाला उठून उभा राहिला. दहा मिनिटांत पट्ट्याच्या कडेची काळी भुकटी सगळीकडे उडाली. इलेक्ट्रिशियनचं तोंड उतरलं.

"जुना परत लावतो, ताई. नाय जमनार."

मी गाडी बंद करायला सांगितली, पिशवीतली स्टीलची पट्टी काढली आणि दोन्ही पुलींच्या तोंडावर आडवी धरली. एका पुलीला ती चिकटून बसली, दुसरीशी फट राहिली. जेमतेम दोन मिलिमीटर. नव्या अल्टरनेटरची पुली तेवढी आत होती, म्हणून पट्टा तिरका धावत होता.

"वायसर आहेत का?"

त्याने डबा माझ्या मांडीवर उपडा केला. दोन वायसर घालून ब्रॅकेट पुढे घेतला, नवा पट्टा चढवला. मग एसी, हेडलाइट, फ्रिज सगळं लावून इंजिन नुसतं चालू ठेवलं. पट्टा गप्प होता. मीटरवर चौदाच्या वर व्होल्टेज स्थिर उभं राहिलं, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या भरत होत्या. त्याने मीटर हलवून पाहिला, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"सालं दोन वायसर!"

मला रडू आलं. आनंदाने नव्हे, रागाने. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक मला घरी बसवायला निघाले होते.

नोव्हेंबरात आम्ही कच्छला गेलो. नणंदेने निघताना विचारलं, "वाटेत काही झालं तर?" मी म्हटलं, "काही झालं तर मी उतरून बघेन." रणाच्या कडेला दोन दिवस गाडी जागची हलली नाही, फ्रिज चालू होता. तिसऱ्या सकाळी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. नवऱ्याने फ्रिज उघडला, इन्सुलिनला हात लावून पाहिला आणि नकाशा मांडीवर पसरून म्हणाला, "आजच कशाला परत फिरायचं? पुढे रस्ता आहे की."