चक्रवाकांचा पत्ता

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बदली नाशिकच्या खाली, गोदावरीवरच्या एका बंधाऱ्यावर झाली. काम साधं होतं. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी वाचायची आणि फोनवरून कळवायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, भोवती बाभळी, गाव तासभर चालण्यावर. आई गेलेली, लग्न झालेलं नाही, एकुलती बहीण कळवणला दिलेली. फोनवरचा माणूस आकडा ऐकून घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. कधीकधी आठवडाभर त्या आकड्यांपलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

पाखरांचं वेड लहानपणापासूनचं. आई गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवरच, धुणं धुवायची तेव्हा मी शेजारी बसून शेपट्या हलवत फिरणारे धोबी पक्षी बघायचो. बंधाऱ्यावर तर वेळच वेळ होता. टिटवी संशयी, मी रोजचाच, तरी रोज नव्यानं आरडाओरडा करायची. ढोकरी अंग चोरून गरिबासारखी उभी राहायची, पण समोरचा मासा सोडायची नाही. खंड्याला कुणाचा शेजार खपत नसे. दिवाळीनंतर बदकं उतरत. त्यांत चक्रवाकांची एक जोडी होती, केशरी अंगाची, कुणात न मिसळणारी. वाळूच्या पट्ट्यावर चरताना एक जरा लांब गेलं की दुसरं हाक मारायचं. पहिलं ओ द्यायचं. मग दोघं गप्प.

पौषातल्या एका संध्याकाळी नाशिकहून साहेब जीपनं आले. मी केलेला चहा घेत म्हणाले, "इथं पक्षी बरेच येतात म्हणे. तुम्हाला माहिती असेल."

पक्ष्यांबद्दल मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. कोण कधी येतं, कुठं बसतं, कुणाचा स्वभाव कसा. साहेब मन लावून ऐकत होते.

"आणि ती केशरी जोडी?"

"उजाडताना वाळूवरच असते साहेब. बाभळींच्या आडून गेलं तर अगदी जवळून दिसते."

जीपच्या मागच्या सीटवर खोळ घातलेली एक लांब वस्तू होती. ती मला दिसली होती. तरी मी बोलत राहिलो.

साहेब गावातल्या विश्रामगृहात मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताना दोन बार ऐकू आले. थोड्या वेळानं जीपचा ड्रायव्हर, मालेगावकडचा वयस्कर माणूस, दारात आला. हातात पाय धरून लोंबकळवलेला चक्रवाक.

"एक उडून गेलं. हे साहेबांनी तुम्हाला दिलंय. म्हणाले, ठिकाण बरोबर सांगितलं."

"मी खात नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग भाऊ, काल एवढं सांगायचं नव्हतं," असं हळूच म्हणून तो पक्षी घेऊन परत गेला.

उन्हं वर आल्यावर दुसरा चक्रवाक वाळूवर परतला. हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. हे कितीतरी दिवस चाललं. मी पातळी वाचायला जायचो आणि खाली मान घालून परत यायचो. एका सकाळी मला राहवलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतंच. मी काठावर उभा राहून त्याच्यासारखी ओ दिली. त्यानं मान उंचावली, मला पाहिलं आणि उडून पलीकडच्या तीरावर गेला. पुन्हा अलीकडे आला नाही. फाल्गुनात थवे निघून गेले, त्यांच्यात तो होता की नाही ते मला कळलं नाही.

पुढच्या थंडीत साहेब पुन्हा आले. "काय, यंदा बदकं कुठं?"

"यंदा पाणी जास्त आहे साहेब, उतरलीच नाहीत."

बाभळींमागून थव्याचा कलकलाट स्पष्ट येत होता. ड्रायव्हर जीपच्या चाकाकडे बघत उभा राहिला. साहेबांनी मला क्षणभर निरखलं, चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

मी तिथं आणखी सहा वर्षं काढली. गावातलं कुणी कधी पक्ष्यांबद्दल विचारलं तर मला काही माहीत नाही म्हणायचो. हळूहळू लोकांनी विचारायचंही सोडलं.