नटीचे चित्रपट आणि ताईचा चेहरा

ताई मंगळवारी गेली. सकाळी ती भोपाळजवळच्या मंडीदीपला कामावर निघाली. दुपारी तिच्या कारखान्यातून फोन आला. संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं.

तेराव्यासाठी फोटो हवा होता आणि घरात तिचा मोठेपणीचा एकही फोटो नव्हता. कारण सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. माझी थोरली बहीण एका नटीसारखी दिसायची. ती कॉलेजात असताना त्या नटीचा पहिला चित्रपट आला, आणि पुढे बँकेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी मोबाइल पुढे करू लागलं. "दीदी, एक सेल्फी. थोड़ा वैसे ही मुस्कुराइए ना." सुरुवातीला ताई हसून उभी राहायची. मग नुसती नको म्हणायला लागली, आणि शेवटी कॅमेरा दिसला की उठून आत जायची. तिच्या मोबाइलमध्ये आमचे ढीगभर फोटो निघाले, तिचा एकही नाही. आधार कार्डावर होता, पण आधार कार्डावर कोण कोणासारखं दिसतं?

शेवटी नागपूरच्या एका लग्नातला फोटो सापडला. मागच्या रांगेत, नखाएवढा चेहरा, तोही जरा हललेला. एम. पी. नगरमध्ये कोचिंग क्लासच्या खाली एक स्टुडिओ आहे, तिथे नेला. चष्मेवाले मालक म्हणाले, "चेहरा बहुत छोटा है मैडम, पर चिंता मत कीजिए, कंप्यूटर सब भर देता है."

कॉम्प्युटरने भरलं. पडद्यावर हळूहळू जो चेहरा उमटला तो त्या नटीचा होता. ताईचा पुढचा दात किंचित तुटलेला होता, तो पूर्ण झाला. डावी भुवई उजवीपेक्षा वर असायची, ती खाली आली. मी म्हटलं, ही ती नाही. त्यांनी पुन्हा केलं, तोच चेहरा आला. आणखी एकदा केलं, तरी तोच. मग ते चष्मा काढून म्हणाले, "असली फोटो में तो कुछ है ही नहीं मैडम. जो है, यही है."

तो फोटो हार घालून भिंतीवर लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गं गोड आलाय. अगदी बोलेल आता." आईही रोज त्याच्याशी बोलू लागली. "आज पाटवडीचा रस्सा केलाय बाई, तुझ्या आवडीचा." मी ऐकत बसायचे आणि ताईचा खरा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करायचे. समोरचा चेहरा मध्ये यायचा.

मला वाटलं, वजाबाकी करावी. त्या नटीचे चित्रपट नीट पाहावेत, तिचं काय काय आहे ते ओळखावं आणि फोटोतून ते काढून टाकावं. उरेल ती ताई. दुपारी आई जरा आडवी झाली की मी मोबाइलवर एकेक पाहू लागले.

पहिला चित्रपट डोंगरातल्या गावाचा. शहरातून इंजिनिअर येतो, पूल बांधतो, मुलगी पटते, पूल पडतो. नायक लाकडी आहे आणि पूलसुद्धा त्याच्यापेक्षा बरा अभिनय करतो. नटी मात्र अगदी नवखी, हातांचं काय करायचं तिला कळत नाही. हा आम्ही दोघींनी थिएटरात पाहिला होता. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "अमां देख, हीरोइन तो इधर बैठी है!" सगळे वळून पाहू लागले. ताई मला हळूच म्हणाली, "मग माझं तिकीट यांनी काढायला हवं होतं की." आता पाहताना लक्षात आलं की नटी हसताना तोंडावर हात घेते. ताईही घ्यायची, तुटलेल्या दातामुळे. की या चित्रपटानंतर घ्यायला लागली? मला सांगता येईना. वजाबाकी पहिल्याच ओळीत अडली.

दुसऱ्यात दुहेरी भूमिका आहे. जुळ्या बहिणी, एक न्यायाधीश, एक जादूगार. कथेला शेंडाबुडखा नाही, पण लोकांनी डोक्यावर घेतला होता. जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसतात तेव्हा नीट पाहिलं तर मधोमध उजेड बदलतो, कारण दोन वेळा चित्रण करून जोडलेलं आहे. दोघी एकमेकींशी बोलतात, पण नजर भिडत नाही. जी ती दुसरीच्या कानाच्या जरा पलीकडे बघत असते. चित्रपट थांबवून मी पाणी प्यायला उठले. आई उठून फोटोसमोर उभी होती, पुटपुटत होती. फोटोतली नजर आईच्या कानाच्या जरा पलीकडे होती.

तिसरा भुताचा. तलावाकाठचं घर, नवी नवरी, स्वयंपाकघरातून कोणीतरी तिला हाका मारतं. त्या वर्षी सगळं भोपाळ हा पाहून घाबरलं होतं आणि ताई मध्यंतरानंतर माझ्या खांद्यावर झोपली होती. दारं करकरतात, दिवे जातात, नेहमीचंच. पण दोन भीतींच्या मधे एक छोटं दृश्य आहे. ती खाली बसून मटार सोलते आहे. काही घडत नाही. एक दाणा घरंगळतो, ती पायाच्या अंगठ्याने अडवते आणि तोंडात टाकते. दिग्दर्शकाने ते कापायला हवं होतं, कथेशी त्याचा संबंध नाही. मला मात्र त्याच दृश्याची भीती वाटली. ती ताई होती. मी मागे नेऊन पाहिलं, पुन्हा मागे नेलं. शेवटी शेवटी ती मटार सोलताना मान वर करून माझ्याकडे पाहील असं वाटू लागलं, आणि मी मोबाइल उशीखाली ठेवला.

चौथा घरगुती, रडवणारा. सासू, सुना, वाटण्या, शेवटी दिवाळीला सगळे एकत्र. तास झाला असेल, नटी स्वयंपाकघरात आली. पिवळी साडी. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि ती ओट्याला टेकून हसतच राहिली.

मी उठून बसले. काही दिवसांपूर्वीच मी आईला विचारलं होतं, "आठवतं? ताई पिवळ्या साडीत होती, दूध उतू गेलं आणि हिचं हसू थांबेना." आई लगेच म्हणाली होती, "आठवत कसं नाही? पाडव्याचा दिवस. सगळा ओटा दुधाने भरला होता." ती माझी सर्वांत आवडती आठवण होती. ताई गेल्यापासून मी त्या आठवणीच्या आधारानेच झोपत होते.

ताईचं कपाट उघडलं. पिवळी साडी नव्हती. असणारच नव्हती. "पिवळ्यात मी कावीळ झाल्यासारखी दिसते," असं ती म्हणायची. हा चित्रपट टीव्हीवर कितीदा लागून गेला असेल, आणि आम्ही येता जाता पाहिला असेल. तेवढ्यावर आईने आणि मी मिळून एक दिवस तयार केला होता. मग बाकीचे दिवस? मी एकेक आठवण काढून तपासू लागले, आणि जिला हात लावावा तिच्यात तो नीट दात, त्या सरळ भुवया.

मोबाइल आता उघडला की त्या नटीचा नवा चित्रपट सुचवतो. पोस्टरवर तिचे केस पिकलेले आहेत, डोळ्यांपाशी सुरकुत्या आहेत. ताईला सुरकुत्या नव्हत्या. तो मी पाहिला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही.

संध्याकाळी आई फोटोचा हार बदलत होती. मी म्हटलं, "आई, हा उतरवू या. ही ताई नाही."

"माहितीये," आई म्हणाली.

"माहितीये?"

"जन्म दिलाय मी तिला. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग रोज बोलतेस कुणाशी?"

आईने जुना हार पिशवीत टाकला. "भिंत मोकळी ठेवून कुणाशी बोलू? ही ऐकते. कधीतरी तिच्यापर्यंत जाईल."

"आणि पाडवा? दूध?"

"तू सांगत होतीस गं. किती दिवसांनी तुझ्या तोंडावर हसू आलं होतं. मी कशाला नाही म्हणू?" मग नवा हार सरळ करत म्हणाली, "आता तर मलाही दिसतं ते. पिवळी साडीच दिसते."

फोटो भिंतीवरच आहे. मी चित्रपट बंद केले. ताईचा चेहरा मला आता आठवत नाही, जो आठवतो तो तिचा नाही. सोनागिरीतल्या आमच्या घरून कॉलेजला जाताना ती स्कूटी चालवायची आणि मी मागे बसायचे. तिची सैल वेणी, कुर्त्याच्या गळ्याची उसवलेली शिवण, मानेवरचा घाम आणि त्याला चिकटलेले चार केस मला आठवतात. तेवढं माझ्याकडे आहे.